पुसे नावाचा रंग

आमच्या थोरल्या जाऊबाई इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. तीस-एक वर्षं त्यांनी सोलापुरातल्या मुलामुलींच्या जिभा सरळ केल्या, आणि शाळेतून घरी आल्यावरही हात थांबत नाही म्हणून घरच्यांच्या जिभा हातात घेतल्या. मी त्यांना अक्का म्हणते. आमची घरं चालत दहा मिनिटांवर. तरी आठ वर्षं मी त्यांच्या घरी चहा घेतला नव्हता. कारण एकच, इंग्रजीतला चार अक्षरांचा एक शब्द.

तो शब्द मी माझ्या दुकानाच्या पाटीवर लावला होता. मी माळशिरस तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन सोलापुरात आले आणि चार वर्षांनी खांद्यावर टॉवेलचा गठ्ठा घेऊन कॉलन्यांमधून फिरू लागले. गठ्ठ्यात सगळा डागी माल, म्हणजे कारखान्यात विणताना कुठंतरी दोरा चुकलेला. डाग कुठं आहे ते मी गिऱ्हाइकाला आधीच दाखवायची आणि मग भाव सांगायची. गठ्ठ्याची सायकल झाली, सायकलचा टेम्पो झाला आणि शेवटी सात रस्त्याजवळ दुकान झालं. दुकानाला भारी नाव पाहिजे होतं. एका परदेशी खोक्यावर शब्द दिसला, सी-एच-आय-सी. अर्थ शोधला: झकपक, नव्या चालीचं. एवढ्या कमी अक्षरांत एवढा अर्थ, आणि पेंटर अक्षरामागं पैसे घेणारा. मी शब्द उचलला. उच्चार कुणाला विचारला नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं.

उद्घाटनाला सगळे नातेवाईक खुर्च्यांवर बसले होते. मी माईक हातात घेऊन म्हटलं, "दुकानाचं नाव आहे चिक टॉवेल्स."

पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या, "चिक नाही गं, शीक. चीक म्हणजे खरवसाचा."

अख्खा मांडव हसला. माझ्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळं मी काय पुटपुटले तेही सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून आमच्या गोतावळ्यात माझं दुकान म्हणजे खरवसाचं दुकान. अजूनही लग्नात एखादे मामा जवळ येऊन विचारतात, "काय, खरवस कसा किलो?" पाटी मी बदलली नाही. लिहिलेलं बरोबरच होतं, चुकली होती फक्त जीभ. चूक माझी, हे मला तेव्हाही मान्य होतं. पण चूक मांडवात सांगायची की मागच्या खोलीत बोलावून सांगायची, यात फरक असतो. अक्कांना तो कळला नाही आणि मला तो विसरता आला नाही.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांकडून विचारणा आली. तोवर माझा सगळा माल दुसऱ्यांच्या नावानं जायचा. मी विणून घ्यायची, मी रंगवून घ्यायची, आणि टॉवेलच्या कडेला लेबल लागायचं मुंबईच्या कुठल्यातरी पार्टीचं. या हॉटेलवाल्यांच्या खरेदीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "आम्हाला विणणाऱ्याचंच नाव लेबलवर हवंय. आमच्या पाहुण्यांना ते आवडतं. सहा रंगांचे नमुने पाठवा, पसंत पडले तर तुमचं नाव."

माझं नाव टॉवेलच्या कडेला, शिवलेलं. हे ऐकून मी उभीच राहिले. खरं तर मी आधीपासून उभीच होते, पण तेव्हा ते जाणवलं.

रंगांची यादी ईमेलवर आली. ती छापून घेऊन मी आमच्या डाईंगवाल्या मास्तरांकडे गेले. मास्तर घरी तेलुगू बोलतात, बाहेर सोलापुरी, आणि रंगाच्या कढईजवळ कुठलीच भाषा बोलत नाहीत, नुसतं बघतात. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून परत दिला. "काय लिव्हलंय वैनी? रंगाचं नाव न्हाय दिसत एक बी."

मी वाचून दाखवलं. फुचसिया. तौपे. मावे. एक्रू. टील. आणि सहावा पुसे.

"फुचसिया म्हंजे औषध असतंय की," मास्तर म्हणाले.

मी फोनवर शोधायला लागले. आजकालचा फोन शब्द बोलूनही दाखवतो. फोनमधली बाई म्हणाली, "फ्यूशा." पडद्यावर आला झगझगीत गुलाबी. मास्तर नुसते म्हणाले, "राणी." दुसरा शब्द बाईनं म्हटला, "टोप."

"टोप?" मास्तर जवळ आले. "भाताचा?"

पडद्यावर राखी आणि तपकिरी यांच्या मधला एक रंग होता. मास्तरांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "करपलेला टोप हाय ह्यो. बराबर हाय नाव."

मावे निघाला मोव, म्हणजे वांग्याच्या फुलाचा रंग. टील म्हणजे मोरपंखीच्या घरातला. एक्रूवर मात्र आम्ही दोघंही थांबलो. फोन म्हणत होता, न धुतलेल्या, न रंगवलेल्या सुताचा जो रंग असतो तो एक्रू.

"म्हंजे कोरा," मास्तर म्हणाले.

"कोराच."

"रंगवायचंच न्हाय, त्याला बी इंग्लिश नाव?" मास्तर स्टुलावर बसले. "एवढी वर्सं मी कोरा माल तसाच सोडत हुतो. एक्रू म्हणून रंगवल्याचे पैसे घेतले असते की वो."

मी एवढी हसले की बाजूच्या कढईवरच्या बाया बघायला आल्या.

सहावा शब्द मात्र मी फोनवर शोधला नाही. पी-यू-सी-ई. मास्तर म्हणाले, "गाडीचं पीयूसी असंल," तर मी त्यांना वेड्यात काढलं. पुसे म्हणजे पुसायचं. रंगांच्या यादीत घुसलं तरी काय झालं, हॉटेलात लादी पुसायला फडकी लागतातच. शिवाय यादीत बाकीच्या रंगांपुढं शंभर-शंभर नग होते आणि पुसेपुढं चारशे. माझ्या व्यापारी डोक्यात लगेच बसलं: तोंड पुसणाऱ्यांपेक्षा लादी जास्त. ज्या शब्दाची खात्री असते तो कोण शोधतो? मी उत्तम जाड धाग्याचं, निळी चौकट असलेलं फडकं विणून घेतलं, चार वेळा पाण्यात पिळून बघितलं आणि पाच टॉवेलांच्या वर ठेवून पार्सल पुण्याला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "पाच टॉवेल मिळाले, सुंदर आहेत. पण हे सहावं काय आहे?"

"पुसे," मी म्हटलं.

"काय?"

"पुसे. लादी पुसायला. लई पाणी ओढतं, करून बघा."

"आम्ही लादी पुसायला काही मागवलं नव्हतं."

"तुमच्याच यादीत आहे मॅडम. सहावी ओळ बघा."

पलीकडे कागद वाजला. मग मॅडम म्हणाल्या, "सहाव्या ओळीत रंग आहे. तो आमचा खास रंग आहे. म्हणून तर चारशे."

माणसाला लाज वाटली की तो एकतर गप्प बसतो नाहीतर भांडतो. मला पहिलं कधी जमलं नाही. मी म्हटलं, "रंग आहे तर रंगासारखं नाव लिहायचं. जांभळा लिहा, पिवळा लिहा. पुसे लिहिल्यावर विणणाऱ्यानं काय समजायचं?"

"मॅडम," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रंगांची नावं समजत नसतील तर आम्ही दुसरीकडे बघतो."

गोड आवाज मला ओळखू येतो. सौदा तुटायच्या आधीचा आवाज असतो तो. माझा राग जागच्या जागी बसला. "दुसरीकडे कशाला, तुम्हीच सोलापूरला या, समोर दाखवते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या शनिवार, मी मंगळवार म्हटलं, आणि सोमवार ठरला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्या रंगाचं नाव मॅडमनीही एकदासुद्धा तोंडानं घेतलं नव्हतं.

आता फोनवर शोधलं. तर माझ्या फोनवर तो रंग जांभळट, मास्तरांच्या फोनवर तपकिरी, आणि आमच्या ह्यांच्या फोनवर उन्हानं विटलेला गुलाबी. "ह्यातला कुठला करू?" मास्तर म्हणाले. "फोन बदलला की रंग बदललाला की वो." मॅडमकडे शेडचा नंबर मागावा, तर मला अजून कळलेलं नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. दोन दिवस असेच गेले. मग आमचे हे पेपरच्या आडून म्हणाले, "वहिनींना विचार की," आणि पेपर आणखी वर धरला.

शुक्रवारी दुपारी मी अक्कांच्या दारात उभी राहिले. आठ वर्षांत लग्नं-बारशी सोडून पहिल्यांदा. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बस, चहा टाकते."

"नको, घाईत आहे. एक शब्द विचारायचा होता."

"शब्द मी फुकट सांगत नाही. चहा घेतलास तर सांगीन."

मी आयुष्यभर भाव केलाय. समोरच्याला गरज आहे हे विक्रेत्याला कळलं की त्याच्या चेहऱ्यावर एक शांतपणा येतो. तो अक्कांच्या चेहऱ्यावर होता.

"पाणी घेते," मी म्हटलं.

"पाण्यात अर्थ बसत नाही."

"अर्धा कप."

"पूर्ण कप घे, अर्थासोबत उच्चार पण देते."

"अर्धाच. अर्थ आणि उच्चार दोन्ही. साखर कमी."

अक्कांनी हात पुढं केला. मी टाळी दिली आणि चहा हातात आल्यावर यादीतली सहावी ओळ दाखवून चारशे नगांची, खास रंगाची हकीकत सांगितली.

त्यांनी कपाटातून खाकी कव्हर घातलेली जाडजूड डिक्शनरी काढली. चष्मा लावला, बोट जिभेला लावून पानं उलटली आणि एके ठिकाणी थांबल्या. मग चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"फ्रेंच लोकांचा शब्द आहे."

"बरं."

"त्याचा अर्थ पिसू."

"कोण पिसू?"

"पिसू गं. कुत्र्याच्या अंगावरची. पिसू रक्त पिऊन टम्म होते ना, तिला चिरडल्यावर जो डाग पडतो, त्या डागाचा रंग."

चहाचा घोट माझ्या तोंडात होता. तो नाकातून आला. अक्कांनी माझ्या पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली, पण त्यांचाच हात हसण्यानं लटलटत होता, त्यामुळं थापट्या भलतीकडंच बसत होत्या.

"चारशे पिसवा मागवल्यात त्यांनी," मी म्हटलं.

"त्यांच्या खास."

"पाहुण्यांना गादीत चावत असतील. सकाळी अंग पुसलं की डाग पडायला नको."

"डाग दिसायला नको," अक्कांनी दुरुस्त केलं. "पडणार तर आहेच."

दोन बायका, एक साठीच्या पुढची आणि एक साठीकडे निघालेली, भर दुपारी डिक्शनरी मांडीवर घेऊन लोळायच्या बेतात होत्या. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "सगळं बरंय ना?" अक्का म्हणाल्या, "अभ्यास चाललाय."

मग उच्चाराची पाळी आली. अक्का म्हणाल्या, "प्यूस."

"पिऊस."

"पि वर बसू नकोस. चटकन. प्यूस."

"पीयूष."

"पीयूष नाही, ते प्यायचं. तू परत दुधातच शिरलीस बघ."

हे त्या सहज बोलून गेल्या. बोलल्यावर दोघींनाही एकदम मांडव आठवला. अक्कांनी डिक्शनरीत मान घातली. मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण हसू आधीच येऊन पसरून बसलं होतं, रागाला बसायला जागा मिळेना. मी तसाच उरलेला चहा पिऊन टाकला. कप अर्धाच होता का भरलेला, ते मी बघितलं नाही. अक्कांनी बघितलं असणार.

अर्थ मिळाला, उच्चार मिळाला, पण मास्तरांना पिसू दाखवून रंग कसा जुळवायचा हा प्रश्न होताच. डिक्शनरीत लिहिलं होतं की लालसरही आहे, तपकिरीही आहे आणि जांभळ्याची छटाही आहे. अक्का मोठ्यानं वाचत होत्या आणि दंडावर आमसूल चोळत होत्या, कारण जास्त हसलं की त्यांना पित्त उठतं. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले.

"अक्का, ते इकडं आणा."

"पित्त तुलाही उठलं?"

"आणा तर."

खिडकीच्या उजेडात मी आमसूल धरलं. लालसर, तपकिरी, जांभळं. तिन्ही एकाच सालीत. मी अर्धा डबा कागदात बांधून घेतला आणि रिक्षा पकडली. मास्तरांनी पुडी उघडली आणि माझ्यावरच चिडले. "आमसुली म्हणायचं की वो वैनी. माझ्या बापानं ह्या रंगात लुगडी काढली. तुमी चार दिवस पुसे-पुसे करलालाव." रविवारी दुपारपर्यंत टॉवेल वाळून तयार होता.

सोमवारी अक्का न बोलावता आल्या. म्हणाल्या, "पिसू बघायला आले." मी त्यांना दुकानात घेतलं, पण एका अटीवर.

"मॅडम असेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडीन?"

"आठ वर्षांपूर्वी उघडलं होतं."

"अजून तेच धरून बसलीस?"

"धरलंय."

मॅडम दोन सहकाऱ्यांना घेऊन आल्या. तरुण, हुशार, भराभर बोलणाऱ्या. मी काही न बोलता आमसुली टॉवेल गल्ल्यावर पसरला. त्यांनी तो उचलला, गालाला लावला, दाराच्या उजेडात नेला आणि सहकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "हाच. हाच आपला पूचे."

पूचे.

मी अक्कांकडे बघितलं. तीस वर्षांची सवय त्यांच्या पोटातून निघाली होती आणि गळ्यापर्यंत पोचली होती. ती मला चक्क वर येताना दिसली. ओठ उघडले. मी सरकून मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "होय मॅडम, पूचे. एकदम अस्सल पूचे. असा पूचे तुम्हाला सोलापुरात दुसरीकडं मिळायचा नाही." प्रत्येक पूचेला मागं अक्कांच्या घशातून बारीक आवाज येत होता. शेवटी त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी पीतच राहिल्या.

लेबलची बोलणी सुरू झाली. माझं नाव कडेला, हे त्यांनी आपणहून मान्य केलं. त्याच लेबलवर खाली रंगाचं इंग्रजी नाव येणार होतं. मी म्हटलं, त्याच्याखाली आमचंही नाव पाहिजे, मराठीत, आमसुली. मॅडम म्हणाल्या जागा नाही. मी म्हटलं माझं नाव एक दोरा बारीक करा. त्यांना ते आवडलं. कागदावर मी लिहून दिलेलं त्यांनी वाचलं, "अम्सली."

"छान म्हणता," मी म्हटलं.

"अम्सली. गोड आहे."

अक्कांनी आता माझ्याकडं बघितलं. मी मॅडमपुढं पेन सरकवलं. मॅडमनी नमुन्यावर सही केली, यादीवर सही केली, लेबलच्या मसुद्यावर सही केली. तिसऱ्या सहीची शाई वाळल्यावर मी म्हटलं, "मॅडम, आता सांगते. अम्सली नाही. आमसुली. आ लांब, म्हणजे आंबट खाल्ल्यासारखा." त्या हसल्या आणि दोनदा बरोबर म्हणाल्या. पूचेबद्दल मी काही बोलले नाही. पुढची ऑर्डर यायची आहे, सगळं एकाच दिवशी सांगून कसं चालेल.

त्यांची गाडी गेल्यावर अक्का खुर्चीत बसल्या. "प्यूस," त्या भिंतीला म्हणाल्या. "प्यूस, प्यूस, प्यूस." पोट मोकळं झाल्यावर माझ्याकडं वळल्या. "जीव जायची वेळ आली होती."

"पण गप्प बसलात."

"बसले."

"म्हणजे तुम्हाला गप्प बसता येतं. मग त्या दिवशी का नाही बसलात?"

मला वाटलं होतं की या मुद्द्यावर त्या अडकतील. त्यांनी विचारही केला नाही. "ती परकी बाई. ती चुकली तर माझं काय जातं? तू चुकलीस तर लोक तुला हसतील, म्हणून मी बोलले."

"तुम्ही बोललात म्हणून हसले."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"आता आलंय तर सांगा. चारचौघांत."

"चारचौघांत नाही. तुला एकटीला सांगते."

"मांडवभर लोकांत गेलेली अब्रू एकटीनं कशी परत घेऊ? निदान एक साक्षीदार."

एवढ्यात मास्तर बाकीचे टॉवेल घेऊन आत आले. अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मी हिला उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर टोकायला नको होतं. बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं."

मास्तर गोंधळले. "मग मी काय करू?"

"ऐका फक्त," अक्का म्हणाल्या.

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि लेबलचा मसुदा उचलून माझ्याकडं वळले. "ह्ये कुटं शिवायचं वैनी? डावीकडं का उजवीकडं?"

मी टॉवेल दोन्ही हातांत धरला आणि तोंड पुसून बघितलं. डावं टोक डोळ्यांसमोर येत होतं. "डावीकडं," मी म्हटलं.

अक्कांनी टॉवेल घेतला आणि स्वतः तोंड पुसून बघितलं. "डावखुऱ्यांचं काय?"

"त्यांनी टॉवेल फिरवावा," मी म्हटलं.